जात्यावरची ती बाई: ग्रीक पुराणकथा, त्यांतल्या बायका आणि आजच्या कादंबऱ्या

रानजाई

होमरच्या 'ओडिसी' या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या विसाव्या सर्गात एक बाई आहे. तिला नाव नाही. ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात आपल्या घरी, इथाकाला परतलाय. रात्र सरत आलीय आणि त्याला झोप नाही. वाड्यातच दळणाची जागा आहे, तिथे बारा बायका जव आणि गहू दळतात. अकरा जणी आपापलं दळण संपवून झोपल्यात. एकीचं उरलंय, कारण ती सगळ्यांत अशक्त आहे. निरभ्र आभाळात गडगडतं. ती जातं थांबवते आणि देवांचा राजा झ्यूस याला म्हणते, राणीला मागणी घालायला आलेले हे लोक आज इथे शेवटचं जेवोत, यांच्यासाठी दळून दळून माझे गुडघे निखळले.

ओडिसियसने नुकताच झ्यूसकडे शकुन मागितलेला असतो. त्याला तो मिळाला. तो खूश होतो, गोष्ट पुढे जाते. ती बाई पुन्हा कुठेच येत नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. माझी आजी कागलजवळच्या एका खेड्यात पहाटे दळायची. लहानपणी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचे. मूठमूठ दाणे वैरायची आणि एका हाताने खुंटा ओढायची, हात भरून आला की दुसऱ्या हाताने. थकली की ओवी लांबवायची. म्हातारपणी तिचे खांदे वर होत नसत. पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक काव्यात आजी भेटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमच्या वाचनगटात आम्ही आठ जणी आहोत. यंदा आम्ही ग्रीक कथा बायकांच्या बाजूने सांगणाऱ्या कादंबऱ्या वाचल्या आणि सोबत मूळ काव्यंही (इंग्रजी भाषांतरातून). मार्गारेट ॲटवुडचं 'द पेनेलोपियाड' (2005), मॅडलिन मिलरचं 'सर्सी' (2018), पॅट बार्करचं 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (2018) आणि नॅटली हेन्सचं 'अ थाउजंड शिप्स' (2019). वर्षभर वाद घालून माझं एक मत तयार झालंय, ते इथे मांडते. तुम्ही खोडून काढा.

मला वाटतं, यांतली चांगली पुस्तकं मूळ काव्यातल्या एखाद्या दुखऱ्या ओळीवर बोट ठेवून सुरू होतात. जी मला कमी पडली, ती नायिकेच्या तोंडी आजची वाक्यं देऊन थांबतात. 'मी कुणाची मालमत्ता नाही' हे वाक्य खरंच आहे, पण ते कुठल्याही काळातल्या कुठल्याही बाईच्या तोंडी घालता येतं. त्यासाठी ट्रॉयपर्यंत जायची गरज नाही.

उदाहरण देते. 'ओडिसी'च्या पहिल्याच सर्गात ओडिसियसची राणी पेनेलोपी जिना उतरून खाली येते आणि गाणाऱ्याला म्हणते, हे गाणं नको, मला सोसवत नाही. तिचा मुलगा टेलेमाकस, जेमतेम विशीतला, सगळ्यांसमोर तिला सांगतो: वर जा, तुझा माग आणि तुझी चाती सांभाळ, बोलणं हे पुरुषांचं काम. ती जाते. बाविसाव्या सर्गात हाच मुलगा बारा दासींना फाशी देतो. मागणी घालणाऱ्यांसोबत झोपल्या, हा त्यांचा गुन्हा. वाड्यात एकूण पन्नास दासी. त्यांतल्या बारा जणींकडे म्हाताऱ्या दाईने, युरिक्लियाने, बोट दाखवलेलं. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं बाहेर काढून घेतात, टेबलं-खुर्च्यांवरचं रक्त पुसून घेतात. ओडिसियसने तलवारीने मारा म्हटलेलं असतं. मुलगा म्हणतो, यांना चांगलं मरण नको. जहाजाचा दोर बांधून एका ओळीत टांगतो. होमर म्हणतो, जाळ्यात अडकलेल्या पारव्यांसारख्या. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही.

'फार वेळ नाही' या शब्दांपाशी आमच्या गटात कोणीच बोललं नाही.

ॲटवुडचं पुस्तक तिथूनच उगवतं. तिने प्रस्तावनेतच सांगितलंय की तिला दोन प्रश्न सोडत नव्हते: या दासींना फाशी का झाली, आणि पेनेलोपी नेमकं काय करत होती. तिची पेनेलोपी मेल्यानंतर पाताळातून बोलते. दासींना आपणच त्या पुरुषांवर पाळत ठेवायला पाठवलं होतं आणि ते कुणालाच सांगितलं नाही, हे कबूल करते. आणि मधूनमधून त्या बारा जणी समूहाने येतात. कधी दोरीवरच्या उड्यांचं गाणं, कधी खलाशांचं गाणं, कधी कोर्टातला खटला. त्या येतात तेव्हा राणीच्या कबुलीवरही विश्वास बसेनासा होतो. नायिकेला आवाज द्यायचा आणि त्याच आवाजाबद्दल वाचकाच्या मनात शंकाही ठेवायची, हे फार अवघड आहे. मला या सगळ्यांत हेच पुस्तक सर्वांत वरचं वाटतं.

बार्करचंही एक ठिकाण सांगते. 'इलियड' हे होमरचंच ट्रॉयच्या युद्धावरचं काव्य; त्याच्या शेवटच्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम आपल्या मुलाचं प्रेत मागायला शत्रूच्या, ग्रीक योद्धा अकिलीसच्या, तंबूत येतो, त्याचे हात चुंबतो आणि म्हणतो, माझ्या मुलाला मारणाऱ्याच्या हाताला मी ओठ लावले, असं पृथ्वीवर कुणी केलं नसेल. दोन-अडीच हजार वर्षं लोक या ओळीला रडत आलेत, मीही रडले. बार्करच्या कादंबरीत त्या तंबूत ब्रिसेइस उभी आहे. तिचा नवरा आणि भाऊ याच अकिलीसने मारलेत आणि रात्री तिला त्याच्याच अंथरुणात जावं लागतं. ती ते वाक्य ऐकते आणि मनात म्हणते, असंख्य बायका हेच करत आल्यात. मूळची ओळ तशीच राहते, पण पुन्हा पहिल्यासारखी वाचता येत नाही.

आता माझी तक्रार. सर्सी देवकन्या. पेनेलोपी, हेलन, क्लायटेमनेस्ट्रा राण्या. अरिआडनी राजकन्या. ब्रिसेइस गुलाम होते, पण होती राणीच. नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर याच. ॲटवुडच्या बारा जणी सोडल्या तर जात्यावरच्या बाईपर्यंत कोण पोचलं? तुम्ही काय वाचलंय, काय वाटलं, सांगा.

कळशी

रानजाई, लेख फार आवडला, पण 'सर्सी'बद्दल तुम्ही घाईने पुढे गेलात असं वाटलं, म्हणून लिहिते.

मी ते पुस्तक बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात वाचलं, रात्री दोन ते चारच्या मध्ये, एका हाताने फोन धरून. माझी मुलगी संध्याकाळी सुरू झाली की पहाटेपर्यंत रडायची. सर्सी बेटावर एकटी आहे, मूल तिचंच, टेलेगोनस, आणि ते रडतं. रडतच राहतं. ती देवी आहे, सूर्याची मुलगी आहे, तरी तिला काही करता येत नाही. त्यात अथेना देवी त्या मुलाच्या जिवावर उठलेली. सर्सी आपल्या सगळ्या औषधी, सगळं ज्ञान पणाला लावून बेटाभोवती एक कवच उभं करते आणि रोज ते टिकवत राहते. थकून. मला आईपण असं लिहिलेलं कुठेच सापडलं नव्हतं. ना देवीपण, ना त्यागाची मूर्ती.

दुसरं म्हणजे तिचं काम. 'ओडिसी'च्या दहाव्या सर्गात ती जेवणात औषध कालवते, एक कांडी मारते आणि माणसांची डुकरं होतात. मिलरच्या पुस्तकात ती पानं गोळा करते, वाळवते, कुटते, चुकते, पुन्हा करते. जादू ही तिथे मेहनत आहे. आणि डुकरं का करते याचं कारणही आहे: एका जहाजाचा कप्तान तिच्याच घरात, तिच्याच हातचं जेवून, तिच्यावर बलात्कार करतो. मूळ काव्यात कारण दिलेलंच नाही. तिथे ती करते, कारण चेटकीण तेच करते.

ती देवकन्या आहे हे खरं. पण वडिलांच्या दरबारात तिच्या आवाजालाही सगळे नावं ठेवतात, माणसासारखा पातळ आवाज म्हणून. मला तिच्यात राजकन्या दिसली नाही, घरातून काढून दिलेली मुलगी दिसली.

शेवंती

वाचते आहे. दोन्ही प्रतिसाद नीट पुन्हा वाचून लिहीन. धागा वर राहू दे.

नाट्यपदर

मी नाटकाच्या बाजूने येतो. बायकांच्या बाजूने पुन्हा सांगणं ही आजची टूम आहे असं बऱ्याच ठिकाणी वाचतो. पण ते अथेन्समध्येच सुरू झालं होतं, आणि भर उत्सवात, हजारो लोकांसमोर.

इ.स.पू. 416 मध्ये अथेन्सने मेलोस नावाचं बेट घेतलं, तिथले पुरुष मारले, बायका-मुलांना गुलाम म्हणून विकलं. पुढच्याच वसंतात, इ.स.पू. 415 मध्ये, नाटककार युरिपिडीसने 'ट्रोजन विमेन' रंगमंचावर आणलं. ट्रॉय पडलंय, नाटकभर समोर हरलेल्या बायका: हेक्युबा, कॅसान्ड्रा, अँड्रोमाकी. कोणती कुणाच्या वाट्याला जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतंय. अँड्रोमाकीच्या कडेवरचं पोर तटावरून खाली फेकायला नेतात. समोर बसलेल्यांत मेलोसहून परतलेले सैनिक असणारच. त्याला त्या वर्षी दुसरं बक्षीस मिळालं.

त्याचंच 'मेडिया' त्याआधीचं, इ.स.पू. 431. त्यात ती म्हणते, एकदा बाळंत होण्यापेक्षा मी तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मताधिकार मागणाऱ्या बायकांच्या सभांत मेडियाचं हे भाषण म्हणून दाखवत. मूळ प्रयोगात ते भाषण एका पुरुष नटाने केलेलं, कारण सगळे नट पुरुषच असत. याचा विचार मी तालमीत फार करतो.

मेडियाबद्दल आणखी एक. स्वतःच्या मुलांना तिने मारलं हे आपण सगळे धरूनच चालतो. पण मुलांना कॉरिंथच्या लोकांनी मारलं अशीही जुनी कथा होती. एका प्राचीन टीपाकाराने तर नोंदवलंय की हा डाग आईवर ढकलण्यासाठी कॉरिंथकरांनी युरिपिडीसला पाच टॅलेंट, म्हणजे मोठी रक्कम, दिली. पैशांची गोष्ट वावडी असू शकेल, पण दुसरी कथा अस्तित्वात होती यात शंका नाही. पूर्व जर्मनीतून आलेली लेखिका क्रिस्टा वोल्फ हिने 1996च्या 'मेडिया'त तोच धागा धरला. तिच्या कादंबरीत मेडिया मुलांना मारत नाही. शहर मारतं आणि मग तिच्या नावावर लावतं. म्हणजे रानजाई, तुमच्या 'दुखऱ्या ओळी'त मी भर घालतो: कधीकधी ती ओळ मूळ ग्रंथात नसते, ग्रंथाने बाजूला सारलेल्या कथेत असते.

निपाणीचे_काका

मी 68 वर्षांचा आहे, शाळेत इंग्रजी शिकवत होतो. या धाग्यातली कळकळ मला जाणवते, म्हणून माझी अडचण मोकळेपणी सांगतो.

माझ्या सुनेने यांतल्या तीन-चार कादंबऱ्या मला वाचायला दिल्या. एक गोष्ट खटकली. बऱ्याच ठिकाणी पुरुष सपाट होतात. ओडिसियस थापाड्या, अकिलीस कसाई, थिसियस लबाड. ते तसे आहेतही. पण होमर एवढ्यावर थांबत नाही. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर बाळाला उचलायला जातो, शिरस्त्राणावरचा तुरा पाहून बाळ घाबरून रडतं, आईबाप दोघंही हसतात आणि तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. तोच हेक्टर त्याच दिवशी माणसं मारणार आहे. हे दोन्ही एका माणसात दाखवणं ही होमरची ताकद. बायकांना पूर्ण माणूस करताना पुरुषांना अर्धं करू नये, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं. बार्करच्या कादंबरीचं नाव मुलींच्या मौनावर आहे, पण दुसऱ्या भागापासून आपण अधूनमधून अकिलीसच्या मनात शिरतो आणि ब्रिसेइस बाजूला पडते. मग बाजू कुणाची मांडली?

आणि ब्रिसेइसला होमरने अगदीच गप्प ठेवलेलं नाही. एकोणिसाव्या सर्गात अकिलीसचा मित्र पट्रोक्लस याच्या प्रेताशी ती विलाप करते. नवरा डोळ्यांसमोर मारला गेला, तीन भाऊ एकाच दिवशी गेले, तेव्हा पट्रोक्लसने मला रडू दिलं नाही, तुझं लग्न लावून देतो म्हणाला, तू नेहमी मायेने वागलास, असं ती म्हणते. हे कुणी विसरू नये.

रानजाई

काका, तुम्ही तो विलाप आणलात याबद्दल मनापासून आभार. त्याच्या पुढची ओळ मी वर लिहायला हवी होती. ब्रिसेइस रडते आणि होमर म्हणतो, भोवतीच्या बायकाही रडू लागल्या. दिसायला पट्रोक्लससाठी, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी.

त्या बायकांना रडायची परवानगी फक्त मालकाच्या मित्रासाठी होती. त्या निमित्ताने त्यांनी आपलं रडून घेतलं. आमच्याकडे कुणाच्या मयताला गेलेल्या बायका कशा रडतात हे ज्याने पाहिलंय त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. होमरला हे ठाऊक होतं. म्हणूनच मी त्याला 'पुरुषी काव्य' म्हणून बाजूला टाकू शकत नाही.

पुरुष सपाट होतात, हे काही पुस्तकांबाबत मान्य. पण तुम्हीच सांगितलेला पट्रोक्लस बार्करच्या पुस्तकात शाबूत आहे, तो चांगला आहे आणि त्या चांगुलपणाने ब्रिसेइसची गुलामी तसूभरही कमी होत नाही. ते वाचताना मला सर्वांत जास्त त्रास झाला. अकिलीसच्या मनात शिरण्याबद्दल मी उलट वाचते. ब्रिसेइसला शेवटी कळतं की आपण त्याच्या गोष्टीत अडकलोय आणि तिच्यातून बाहेर पडायचा प्रयत्न करतोय. तो प्रयत्न पूर्ण यशस्वी झाला असता तर मला खोटा वाटला असता.

कळशीताई, रात्रीच्या वाचनाबद्दल लिहिलंत ते वाचून मी 'सर्सी'चा तो भाग पुन्हा काढला. मी चुकले. मला तेव्हा त्या पुस्तकाची भाषा जरा गोड वाटली होती आणि त्या गोडव्यापायी ते रडणारं मूल माझ्याकडून सुटलं.

पैलतीर

न्यू जर्सीतून. 2020च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत मेडुसाचा, ग्रीक कथांतल्या केसांच्या जागी साप असलेल्या बाईचा, पुतळा बसवला होता. लुचानो गार्बाती या शिल्पकाराने 2008 मध्ये घडवलेला. नेहमी तिला मारणाऱ्या पर्सियसच्या हातात मेडुसाचं मुंडकं असतं. इथे तिच्या हातात त्याचं. मी मुद्दाम पाहायला गेले होते. तोंडावर मास्क, थंडी, आणि समोर न्यायालयाची ती करडी इमारत. दोन मुली शेजारी उभ्या होत्या, एकीच्या मनगटावर मेडुसाचं गोंदण होतं. ती काही बोलली नाही, बराच वेळ नुसती बघत राहिली. काहींनी तेव्हा विचारलं की तिच्यावर अत्याचार समुद्रदेव पोसायडनने केला, मग मुंडकं पर्सियसचं का? मला तो प्रश्न रास्त वाटतो. तरी तो पुतळा पाहून परतताना माझी पाठ ताठ झाली होती, हेही खरं.

नाट्यपदर

पैलतीर, मेडुसाबद्दल एक भर, कारण इथे फार गोंधळ होतो. देवळात अत्याचार झाला आणि देवीने तिलाच शिक्षा म्हणून केसांचे साप केले, ही कथा ऑविडची. म्हणजे रोमन, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीची. त्याच्या कितीतरी आधीचा ग्रीक कवी हेसिअड याच्याकडे मेडुसा गॉर्गन या राक्षसिणींच्याच कुळात जन्मलेली आहे आणि पोसायडनसोबत ती फुलांच्या कुरणात आहे, देवळात नाही. 'मूळ ग्रीक कथेत पीडितेलाच शिक्षा' असं जे फिरतं ते बरोबर नाही.

याने ऑविडच्या कथेची धार कमी होत नाही. उलट, सातशे वर्षांनी एका रोमन कवीला ती तशी सांगावीशी वाटली. याच ऑविडने 'हेरॉइडीस'मध्ये पेनेलोपी, ब्रिसेइस, मेडिया, अरिआडनी यांची पत्रं लिहिली, प्रत्येकीने आपल्या पुरुषाला लिहिलेली. हेन्सच्या 'अ थाउजंड शिप्स'मध्ये पेनेलोपी नवऱ्याला पत्रं लिहिते, ती वाट तिथून येते.

गोकर्ण

आणि पुरुषांचीच नावं घेत राहिलोय आपण! सॅफो राहिली. इ.स.पू. 600च्या आसपास लेस्बॉस बेटावरची कवयित्री. तिच्या एका कवितेचा जो तुकडा उरलाय त्यात ती म्हणते: कुणाला घोडदळ सुंदर वाटतं, कुणाला पायदळ, कुणाला जहाजं, मी म्हणते, ज्याचं ज्यावर मन बसतं ते सुंदर. आणि पुरावा म्हणून हेलनचं नाव घेते. नवरा, मूल, आईवडील सोडून ती ट्रॉयला गेली. सॅफो तिला पळवून नेलेली म्हणत नाही, कुलटा म्हणत नाही. तिला काय हवं होतं एवढंच विचारते. सव्वीसशे वर्षांपूर्वी, एका बाईने. मला या परंपरेची गंगोत्री तीच वाटते.

शेवंती

पुन्हा आले. मला एक प्रश्न पडलाय आणि तो कुणाला दुखवायला नाही. आपल्याकडे द्रौपदी आहे, गांधारी आहे, जात्यावरच्या ओव्यांतली सीता आहे. मग आपण ग्रीक बायकांसाठी इतका जीव का टाकतो? इंग्रजीतून आलं म्हणून?

निपाणीचे_काका

शेवंतीताई, प्रश्न योग्य आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की मला ग्रीकांकडे जायची वाट इरावती कर्व्यांनी दाखवली.

'युगान्त'मध्ये द्रौपदीवरच्या लेखात एक जागा आहे. तिथपर्यंत बाई संशोधित आवृत्तीला धरून चालतात, एकेक प्रसंग तपासतात. मग हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडते, भीम तिच्यापाशी येतो, आणि ती त्याला पुढच्या जन्मी थोरला हो म्हणते. हा प्रसंग व्यासांचा नाही. आणि बाई तसं सांगतात: इथवर महाभारत, इथून पुढे माझी 'नरोटी'. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. हा शब्द त्यांनी एकनाथांकडून घेतला. केवढा प्रामाणिकपणा आहे हा! आणि ती करवंटी रिकामी नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

या इंग्रजी कादंबऱ्या वाचताना मी सतत हेच शोधतो: व्यास कुठे संपले आणि नरोटी कुठे सुरू झाली. ॲटवुडमध्ये मला ती सीमा दिसते. काही नव्या लेखिकांत दिसत नाही, आणि मग वाचणारी मुलं तेच मूळ समजतात. मेडुसाचं आता वर आलंच.

गोकर्ण

काका, अनुमोदन. शेवंती, मला वाटतं परकी गोष्ट वाचताना आपलं कवच थोडं उतरतं. सीतेबद्दल बोलायला लागलं की घरात वाद पेटतो, क्लायटेमनेस्ट्राबद्दल शांतपणे बोलता येतं.

मी माझ्या सासूबाईंना ग्रीक नाटककार ईस्किलसचं 'ओरेस्टिया' (इ.स.पू. 458) सांगत होते. ट्रॉयला निघालेल्या जहाजांना वारा उलटा, म्हणून बाप पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी देतो. दहा वर्षांनी आई, क्लायटेमनेस्ट्रा, त्या बापाला मारते. मुलगा आईला मारतो. खटला उभा राहतो आणि अपोलो सांगतो की आई ही जन्मदात्री नसतेच, ती फक्त बापाचं बी सांभाळते. म्हणून आईला मारणं हा तितका मोठा गुन्हा नाही. मतं समसमान पडतात आणि बापाच्या डोक्यातून जन्मलेल्या अथेनाच्या मताने मुलगा सुटतो. सासूबाई म्हणाल्या, "हे आपल्याकडे पण आहे की, बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी." मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हे जवळपास याच शब्दांत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ते लग्नाच्या बोलण्यांत ऐकलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघी तास-दीड तास बोललो. सीतेवरून आमचं असं बोलणं कधी झालं नसतं.

पैलतीर

भाषांतराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. रानजाईने लिहिलेल्या त्या बारा दासी. मूळ ग्रीकमध्ये टेलेमाकस त्यांना शिवी देत नाही, नुसतं 'या', स्त्रीलिंगी सर्वनामासारखं. पण इंग्रजी भाषांतरकार वर्षानुवर्षं तिथे 'रांडा' या अर्थाचे शब्द घालत आले. एमिली विल्सनने 2017च्या आपल्या भाषांतरात तिथे 'मुली' लिहिलं आणि हे उघड बोलून दाखवलं. अख्खी 'ओडिसी' इंग्रजीत आणून प्रसिद्ध करणारी ती पहिली बाई. फ्रेंचमध्ये मादाम दासिए यांनी हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. इंग्रजीला आणखी तीनशे वर्षं लागली!

मी विल्सनचं भाषांतर आणि जुनं एक शेजारी ठेवून बाविसावा सर्ग वाचला. जुन्यात माझं मन टेलेमाकसबरोबर थोडं जात होतं, कारण त्या शब्दाने मला आधीच सांगून ठेवलं होतं की या कोण आहेत. गुलाम बाईला 'नाही' म्हणायची सोय होती का, हा प्रश्नच त्या शब्दाखाली गाडला गेला होता.

कळशी

पैलतीर, हे वाचून काटा आला.

एकोणिसाव्या सर्गातलं पेनेलोपीचं स्वप्न आठवतंय का? तिची वीस पाळीव हंसबदकं, गरुड येऊन त्यांच्या माना मोडतो आणि ती स्वप्नात हंबरडा फोडते. तिला सांगतात की बदकं म्हणजे मागणी घालणारे पुरुष आणि गरुड म्हणजे नवरा. मग ती रडली का? ॲटवुडची पेनेलोपी म्हणते, अर्थ चुकला, बदकं म्हणजे माझ्या दासी. आकडा जुळत नाही. पण रडणं जुळतं.

रानजाई

कळशी, हो! रडणं जुळतं. हेच मला सांगायचं होतं आणि इतक्या थोडक्यात सांगता आलं नाही.

शेवंती, ओव्यांबद्दल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बायका सीतेला आपली शेजारीण असल्यासारखं बोलतात, तिच्या वनवासाला स्वतःचा सासुरवास जोडतात. आपल्याकडे जात्यावरची बाईच कथा सांगते. इथाकाच्या जात्यावरच्या बाईने रोज पहाटे काय म्हटलं ते मात्र कुणी उतरून घेतलं नाही. होमरने फक्त तिचं शेवटचं मागणं घेतलं, तेही राजाला शकुन हवा होता म्हणून. ग्रीक कथांसाठी मी जीव टाकते तो याच कारणाने. मला तिथलं एक दळण ओळखीचं वाटलं.

परवा मी ही गोष्ट माझ्या आईला फोनवर सांगितली. ती 74 वर्षांची आहे, होमर तिने ऐकलेला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, बाई कुठली, किती जणी, धनी कोण, सगळं विचारून घेतलं. अर्ध्या तासाने तिचाच फोन आला. म्हणाली, लिहून घे:

अकरा निजल्या बाया, माझं सरेना दळण
वाड्याच्या पंगतीला, माझ्या हाडांचं जळण

ढग नाही आभाळात, कुठं गडाडलं बाई
माझ्या तोंडचं गाऱ्हाणं, राजा शकुनाला नेई

मी तिला 'शकुनाला नेई' कसं सुचलं विचारलं. म्हणाली, "तूच सांगितलंस की तो खूश झाला म्हणून."

नाट्यपदर

रानजाई, आईंना माझा नमस्कार सांगा. ही ओवी मला तालमीत वापरायची आहे, त्यांची परवानगी विचाराल का? आम्ही 'ट्रोजन विमेन'चं मराठी वाचन बसवतोय. समूहातल्या बायका बोलायला लागण्याआधी अंधारात नुसता जात्याचा आवाज आणि ही ओवी, असं डोळ्यांसमोर आलं.

रानजाई

विचारलं. हो म्हणाली. एकच अट आहे: जातं खरं हवं, रेकॉर्ड केलेला आवाज नको. खुंटा सैल असेल तर वेगळा आवाज येतो म्हणे, तो आधी नीट ठोकून घ्या.

शेवंती

आमच्या परसात आजेसासूबाईंचं जातं पडून आहे, वरच्या तळीला एक टवका गेलाय पण फिरतं. सातारा जवळ असेल तर घेऊन जा. आणि मला कुणीतरी सांगा, आधी काय वाचू?

कळशी

विल्सनच्या 'ओडिसी'तले विसावा आणि बाविसावा हे दोन सर्ग आधी. मग 'पेनेलोपियाड', ते छोटं आहे, दोन दिवसांत होईल. 'सर्सी' माझ्याकडे आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळव, पाठवते. काही पानांवर दुधाचे डाग आहेत.